केडगावचं पंडिता रमाबाई मुक्ती मिशन: आत्याला घेऊन जाऊन आले

केडगाव म्हटलं की आपल्या पुणेकरांना नारायण महाराजांचं बेटच आठवतं, मलापण तेवढंच माहीत होतं. काका गेल्यापासून आत्या घराबाहेर पडायला तयारच नव्हती, शेवटी मागच्या शनिवारी फोन करून, विचारून तिला इथे, निराधार बायका-मुलींच्या ह्या आश्रमात घेऊन गेले, दौंडच्या लोकलने.

जायच्या आधी थोडं वाचून जा खरंच. हा आश्रम काढणाऱ्या रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, वय २३ आणि पदरात तान्ही मनोरमा. ह्या बाईंनी १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं, मग धर्मांतरावरून (रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या) पुण्यात केवढा गदारोळ झाला, लोकांनी आपल्या मुली काढून नेल्या, तरी त्या हटल्या नाहीत. १८९६ च्या दुष्काळात गावोगाव फिरून उपाशी बायका-मुली केडगावला आणल्या, १९०० पर्यंत इथे दीड हजार माणसं होती!! आणि नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत. विणकाम, शेती, छापखाना सगळं शिकवलं, मुली खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवायच्या, रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल इथेच छापलं गेलं. मला हे सगळ्यात जास्त भिडलं, हातात काम दिलं की माणूस मान वर करून जगतो.

मागे एका दुसऱ्या आश्रमात वाढदिवसाला गेलो होतो तर मुलांना रांगेत उभं करून केकबरोबर फोटो काढायला लावले, इतकं वाईट वाटलं की नंतर अशा ठिकाणी पाऊलच टाकलं नव्हतं. इथे आम्हाला तसं काही दिसलं नाही. एक आजी बाकावर लसूण सोलत बसल्या होत्या, आत्या शेजारी जाऊन बसली आणि काही न विचारता सोलायला लागली, अर्धा तास दोघी फारसं बोलल्यापण नाहीत. निघताना आजींनी आत्याचं मनगट धरलं, म्हणाल्या, "परत या बाई, लसूण रोजच असतो." लोकलमध्ये आत्या बोटांचा वास घेत होती आणि किती महिन्यांनी स्वतःहून बोलत होती, तिच्या सासूबाईंच्या आलवणाबद्दल (पूर्वी विधवांना नेसावं लागायचं ते लाल लुगडं), जे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

माझ्याकडून ५ पैकी ५. आधी फोन करा, काय लागतंय ते विचारून तेच न्या, कपाटातले नकोसे झालेले कपडे नेऊ नका प्लीज, आणि सकाळचीच लोकल पकडा म्हणजे निवांत बसता येतं.