शाळेसाठी घेतलेलं सायन्स किट: जून ते फेब्रुवारी वापरल्यावर काय टिकलं, काय धूळ खातंय

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची सरकारी मराठी शाळा, नलीकलीची (पहिली ते तिसरी एकत्र बसतात ती) पोरं एका खोलीत आणि चौथी-पाचवी मिळून दुसऱ्या खोलीत, दोन मास्तर. जूनला शाळा सुरू व्हायच्या तोंडावर ऑनलाईन एक सायन्स किट मागवलं, अडीच हजाराच्या आसपास पडलं, निम्मे माझे आणि निम्मे एसडीएमसीतल्या (शाळेच्या पालक समितीतल्या) एका पालकाने घातले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी किटं बरीच मिळतात आणि आत माल जवळपास सारखाच असतो. खोक्यावर शंभर प्रयोग लिहिलेत, तिकडे लक्ष देऊ नका, तोच प्रयोग वायरचा रंग बदलून पाच वेळा मोजलाय. कार्डं इंग्रजी आणि हिंदीत, मराठी नाही, कन्नड पण नाही, मी सरळ बाजूला ठेवली.

आधी चांगलं सांगतो. सेल, सेल होल्डर, मगरीच्या तोंडासारख्या चिमट्याच्या वायरी, टॉर्चचे बल्ब, एलईडी, खेळण्यातल्या गाडीत असते तसली छोटी मोटर. या एवढ्या सामानाने आमचं निम्मं वर्ष गेलं म्हटलं तरी चालेल. पहिल्यांदा काही शिकवलंच नाही, चार-चारच्या टोळीत सामान वाटलं आणि पेटवा म्हटलं. टॉर्चचा बल्ब एका सेलवर मिणमिणता का होईना पेटला, एलईडी काय पेटंना. "सर, ह्यो बल्ब खराब हाय" म्हणून निकाल पण दिला पोरांनी. मग कुणीतरी दोन सेल एकामागे एक लावले तरी पेटंना आणि वायरी उलट केल्यावर लाल उजेड पडला, तेव्हा वर्गात जो दंगा झाला तो शेजारच्या खोलीतल्या बाई बघायला आल्या. त्याचं कारण साधं आहे, लाल एलईडीला दोन व्होल्टच्या जवळपास लागतात, पांढऱ्या-निळ्याला तीनच्या आसपास, आणि एक सेल असतो दीड व्होल्टचा. शिवाय एलईडीतून करंट एकाच बाजूने जातो, टॉर्चच्या बल्बला ते काही नसतं, कसाही लावा. हे फळ्यावर लिहून दिलं असतं तर पोरांनी पाठ करून परीक्षेत उतरवलं असतं आणि विसरून गेली असती.

किटवाल्यांनी मात्र सोबत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दिली आणि करंट आवरून धरणारे रेझिस्टर दिलेच नाहीत. थेट लावला की एलईडी एकदा झगझगीत पेटतो आणि कायमचा झोपतो. आमचे बरेच असेच गेले. ती बॅटरी महाग पण असते, मोटरला लावली तर लवकर बसते. दोन साधे पेन्सिल सेल बास आहेत बघा.

लिंबाचा प्रयोग पण त्यांनी भारी रंगवलाय, कार्डावर एक लिंबू आणि लखलखणारा टॉर्चचा बल्ब. तसं होत नाही हो! जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची वायर एका लिंबात खुपसली तर मीटरवर पाऊण ते एक व्होल्ट दिसतात हे खरं, पण करंट इतका किरकोळ की टॉर्चचा बल्ब गरम सुद्धा होणार नाही. तीन-चार लिंबं एकामागे एक जोडून लाल एलईडी लावला आणि खिडक्या बंद केल्या की अंधुक दिसतो. तेवढ्यावर पोरं खूश होती, पण चित्रात बघून पहिल्यांदा फसल्यासारखं वाटलं त्यांना. वापरलेली लिंबं सरबतात घालू नका, जस्त उतरलेलं असतं त्यात.

चुंबकं दिलीत ती बरी आहेत, लोखंडाचा कीस मात्र चिमूटभर पुडीत. आमच्याकडे त्याची ददात नाही, अर्ध्या पोरांचे बाबा-काका बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, फौंड्रीत नाहीतर लेथवर आहेत. एका पालकाला सांगितलं तर डबा भरून आणून दिला. एक लक्षात ठेवा, बिडाच्या कास्टिंगचा चुरा मागा, तो बारीक दाणेदार पडतो, स्टीलचा निघतो तो लांब कुरळा आणि ब्लेडसारखा, पोरांच्या हातात अजिबात देऊ नका. जाड कागदाखाली चुंबक धरून वर चुरा शिंपडला की कशा रेघा उठतात ते बघायला शिपाई मामा पण येऊन बसले. नंतर पोरं चुंबक घेऊन गावभर फिराल्यात, जेवणाचा हा डबा चिकटतो तो चिकटत नाही, एक-दोन रुपयाचं नाणं चिकटतं, सोनेरी पाचचं चिकटत नाही, रस्त्याच्या लाल मातीतनं पण काळे कण निघतात. गृहपाठ म्हणून मी यातलं काहीच दिलं नव्हतं.

फुगा आणि कंगव्याने कागदाचे तुकडे उचलायचा प्रयोग जून-जुलैत करायला घेऊ नका, निदान आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर नकोच. हवेतच इतकं पाणी असतं की घासून आलेला चार्ज टिकतच नाही. तोच कंगवा जानेवारीत काढला आणि पहिल्या झटक्यात कागद उडाले. त्याच पावसात सेल होल्डरच्या स्प्रिंगा पण गंजल्या, आता वापर झाला की सेल काढून सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात.

सगळ्यात राग आला तो पुठ्ठ्याच्या सूर्यघड्याळाचा. त्याचा तिरका पुठ्ठा पंचेचाळीस अंशाच्या आसपास कापलाय. तो कोन तुम्ही जिथे आहात तिथल्या अक्षांशाएवढा लागतो, बेळगाव भागात सोळा अंशाच्या जरा आत. म्हणजे हे घड्याळ पार उत्तरेकडच्या थंड देशासाठी छापलेलं, तेच उचलून आम्हाला विकलंय. फेकलं आणि मैदानात काठी रोवली. पोरांना पक्कं ठाऊक की सावली बरोबर बाराला सगळ्यात छोटी होणार, आणि खडूच्या खुणा बघतात तर साडेबाराच्या पुढे. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, आपण आहोत त्याच्या पश्चिमेला आठेक अंश, एका अंशाला चार मिनिटं, झाली की बत्तीस मिनिटं. वर्षभरात ते पण पुढेमागे सरकतं, नोव्हेंबरात सव्वाबाराच्या सुमाराला, फेब्रुवारीत पाऊणच्या जवळ. पाचवीतल्या एकाने विचारलं, "मग सर, घंटा खोटी हाय काय?" त्यावर अख्खा तास गेला, तास वाया गेला असं मला वाटत नाही. सावली नाहीशी होते तो दिवस आपल्याकडे वर्षातनं दोनदा, मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. एकाला शाळेला सुट्टी आणि दुसऱ्याला ढग, आमचं नशीब.

रोबोट गाडीबद्दल काय लिहू, मोबाईल, ॲप, त्यावर नंबर टाकून रजिस्टर करा, ब्लूटूथ. एक गाडी आणि तीस पोरं, एक चालवणार आणि बाकीची बघत बसणार. दिवाळीनंतर ॲप पण उघडंना. शेवटी गाडी खोलली, आतल्या दोन मोटरी काढून घेतल्या, त्यांना कागदाचे पंखे लावले आणि मोटर हाताने गरगर फिरवून मीटरवर व्होल्ट दाखवले, गाडीचे पैसे तिथे वसूल झाले.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. किटमध्ये बटणासारखे चपटे सेल आणि बारीक चकचकीत चुंबकं होती, ती मी पहिल्या दिवशीच कपाटात कुलपात टाकली. असला सेल पोराने गिळला आणि अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आतून जळायला सुरुवात होऊ शकते, लगेच दवाखाना गाठायचा. चुंबकं दोन गिळली तर आतडं मध्ये धरून एकमेकाला चिकटतात. पहिली-दुसरीच्या खोलीत तर हे सामान नेऊच नका, खोक्यावर वय काही का लिहिलेलं असेना.

परत घेणार काय म्हणून दोघा-तिघांनी विचारलं. किट नाही घेणार. बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मोटरी, होल्डर, चिमट्याच्या वायरी, एलईडी आणि सोबत दोनशे-तीनशे ओहमचे रेझिस्टर सगळं सुटं मिळतं, त्याच पैशात चार टोळ्यांचं सामान होतं. एक साधा मल्टिमीटर घ्या, दोन भिंगं घ्या (खिडकीचं उलटं चित्र समोरच्या भिंतीवर पाडायला, पोरं वेडी होतात त्याला), आणि मोटरी घेताना वायरी डाग मारून (सोल्डर करून) लावलेल्या बघून घ्या, नाहीतर आठवड्यात तुटतात आणि मग परत कुणाच्या तरी बाबांना डाग मारून द्या म्हणून धाडावं लागतं.