खिडकीतल्या उजेडाच्या नावाखाली आमची फसवणूक झाली

मुलगी अकरा दिवसांची असताना आम्ही तिचे आणि माझे फोटो काढून घेतले. फोटोग्राफरचं पान बघूनच मी हरखले होते. खिडकीतून येणारा मऊ उजेड, आईच्या खांद्यावर विसावलेलं बाळ, कुठे फ्लॅश नाही की भडकपणा नाही. मला अगदी असेच फोटो हवे होते.

त्याने घाई केली ती बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवून. नवजात बाळाचे असे फोटो साधारण ५ ते १४ दिवसांच्या आत काढतात, कारण तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि पोटात असल्यासारखं अंग मुडपून घेतं. हे खरंच आहे. पण त्याचाच धाक दाखवून त्याने सगळे पैसे आधी भरायला लावले. ‘आज भरले नाहीत तर तारीख जाईल, ताई, आणि हे दिवस परत येत नाहीत.’ रात्र रात्र जागलेली बाळंतीण काय चौकशी करणार? लेखी काहीच नव्हतं. किती फोटो, कधी मिळणार, पटले नाहीत तर काय, काही म्हणता काही ठरलं नव्हतं.

आला तो एकटाच. सकाळची वेळ, खिडकीला पातळ पडदा, खोलीभर उजेड. जाणकार माणूस आधी खोलीतले दिवे बंद करतो, कारण ट्यूबलाइटचा आणि बाहेरचा उजेड एकत्र आला की कातडीचा रंग बिघडतो. मग पलंग खिडकीजवळ ओढून बाळाला असं निजवतो की उजेड डोक्याच्या बाजूने तिरपा चेहऱ्यावर उतरेल. हनुवटीकडून वर आला तर नाकाची सावली कपाळाकडे जाते. हे मी नंतर शिकले. याने दिवा तसाच ठेवला, ‘उजेड कमी पडतोय’ म्हणाला आणि समोरून फ्लॅश मारत सुटला.

पुढचं आठवलं की अजून छातीत धस्स होतं. त्याने तिला पालथं करून हनुवटी तिच्याच तळहातांवर टेकवली आणि हात काढून मागे सरकला. तिची मान कलंडली. माझी आई शेजारीच होती, तिने झटकन डोकं धरलं म्हणून बरं. ही पोझ कायम दोन फोटो जोडून करतात. दोन्ही वेळा कुणीतरी डोकं किंवा मनगटं धरलेली असतात आणि तो हात नंतर पुसतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हाती बाळ देऊ नका, पैसे गेले तरी चालतील.

फोटो बऱ्याच तगाद्यानंतर आले. प्रत्येक फोटोत तिच्या डोळ्यांत फ्लॅशचा पांढरा ठिपका. आणि चेहरा प्लास्टिकसारखा गुळगुळीत. तिच्या नाकावर बारीक पांढुरके दाणे होते, खांद्यांवर मऊ लव होती. थोड्या आठवड्यांत आपोआप जाणाऱ्या गोष्टी. फोटो काढायचे होते ते त्यांच्यासाठीच. त्याने सगळं पुसून टाकलं होतं. मूळ फोटो मागितले तर त्याचे वेगळे पैसे सांगितले, आणि मग फोन उचलणंच बंद केलं.

तेव्हा कुठे मी त्याच्या पानावरचे फोटो गूगल लेन्सवर टाकले, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधलं. मला सर्वांत आवडलेले चार फोटो चार वेगवेगळ्या फोटोग्राफरांचे निघाले. मोठे करून पाहिले असते तरी शंका आली असती: एका बाळाच्या डोळ्यांत खिडकीची चौकट दिसते, दुसऱ्याच्या डोळ्यांत स्टुडिओच्या दिव्याचा अष्टकोन, आणि दोन्हींखाली ‘फक्त नैसर्गिक प्रकाश’ असं लिहिलेलं.

म्हणून निवडक दहा फोटो बघून भाळू नका. एकाच घरात, एकाच दिवशी काढलेले सगळे फोटो दाखवायला सांगा. चोरलेल्या फोटोंवर पान उभं करणाऱ्याकडे ते नसतात. शक्य असेल तर त्या आईशी बोला. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. आणि हे सगळं गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच उरका, डोकं शांत असताना.

त्या दिवसांतला माझ्याकडे एकच खरा फोटो आहे. बहिणीने दिवे मालवून, खिडकीपाशी बसवून फोनवर काढलेला. थोडा हललाय, पण नाकावरचे दाणे दिसतात.