तिन्यानेलो, बारोलो की तिसरीच?

इटलीतून येणाऱ्या कुणाला चांगली रेड वाइन आणायला सांगायची, आणि तीही घरच्याच मालकीच्या वायनरीची, तर दोन नावं हमखास पुढे येतात: तोस्कानातल्या अँतिनोरींची तिन्यानेलो आणि पिएमोंतेतल्या बार्तोलो मास्कारेल्लोंची बारोलो. ‘परंपरा आणि आधुनिकतेचा संगम’ तर तिथे जो तो मिरवतो. त्यापेक्षा वाइन केवढ्या पिंपात मुरली ते विचारावं.

अँतिनोरी 1385 पासून या धंद्यात आहेत, आता 26वी पिढी आहे. तरी नियम मोडला तो याच घराने. 1970च्या सुमारास कियांती या तोस्कानातल्या रेड वाइनमध्ये सांजोवेझे या काळ्या द्राक्षांसोबत पांढरी द्राक्षंही घालावी लागत. पिएरो अँतिनोरी आणि त्यांचे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी कियांती हे नावच सोडलं आणि 1971ची तिन्यानेलो साधी टेबल वाइन म्हणून विकली. पुढे पांढरी द्राक्षं पूर्ण गेली. 1982 पासून प्रमाण साधारण तेच आहे: 80 टक्के सांजोवेझे, 15 टक्के काबर्ने सोव्हिन्यों, 5 टक्के काबर्ने फ्रां. ती मुरते 225 लिटरच्या छोट्या ओक पिंपांत. तिथे वाइनचा लाकडाशी संबंध जास्त येतो, त्यामुळे व्हॅनिलासारखा, किंचित भाजका वास येतो आणि तुरटपणा लवकर निवळतो. नवख्यालाही पहिल्याच घोटात आवडावी अशी ही वाइन आहे.

मास्कारेल्लोंकडे याच्या नेमकं उलट. वडिलांनंतर आता मुलगी मारिया तेरेसा कारभार बघते. जेमतेम पाच हेक्टर जमीन. सिमेंटच्या टाक्यांत रस कित्येक आठवडे सालींवर राहतो आणि मग मोठ्या जुन्या पिंपांत मुरतो. एकेका मळ्याची वेगळी बाटली काढायची फॅशन आली, तरी इथे चार मळ्यांची मिळून एकच बारोलो निघते. छोट्या पिंपांवर बार्तोलोंचा एवढा राग, की ‘नो बारीक, नो बेर्लुस्कोनी’ असं लेबल त्यांनी स्वतः रंगवलं; ‘बारीक’ (barrique) म्हणजे ते छोटं पिंप, आणि बेर्लुस्कोनी हे इटलीचे राजकारणी. (राजकारण आणि लाकूड एकाच ओळीत!) रंग फिका, वास गुलाबाचा आणि डांबराचा, आणि कोवळी असताना प्यायली तर जीभ कोरडी पडते. दहा वर्षं थांबायची तयारी नसेल तर हिच्या वाटेला जाऊ नये. शिवाय मिळणं मुश्किल, आणि किंमत डोळे पांढरे करणारी.

म्हणून मी तिसरं नाव सुचवेन: बारोलो गावाजवळच्या व्हेर्न्येतलं वायरा कुटुंब. आल्दो वायरांनी 1970च्या दशकात सुरुवात केली, आणि रसायनांशिवाय शेती करणाऱ्या तिथल्या पहिल्या काही जणांत ते होते. त्यांची ‘आल्बे’ही बारोलोच, ती तीन मळ्यांची मिळून होते आणि मोठ्या पिंपात मुरते, पण फळ स्वच्छ लागतं. किंमतही इतर बारोलोंच्या मानाने सोसवणारी.

तिन्यानेलोचा खर्च करण्याआधी अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ चाखून बघा. तीही सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्योंचीच. हा मेळ रुचला तर पुढे जा. यातलं काहीही तांबड्या रश्श्यासोबत मात्र उघडू नका, तिखटाने तुरटपणा नुसता बोचतो. कमी मसाल्याचं भाजलेलं मटण छान जमतं.

येणाऱ्या माणसाला ड्युटी न भरता 2 लिटर आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या सहज बसतात. मी एक आल्बे आणि एक तिन्यानेलो सांगेन.