सफारी डायकोर, मागच्या स्प्रिंगा बदलून पावसाळा काढला: अनुभव (आणि रबरी पॅडचं रडगाणं)

गाडी 2011 ची टाटा सफारी, 2.2 लिटरचं डायकोर डिझेल इंजिन, टू व्हील ड्राईव्ह. रोज चिपळूण ते लोटे, म्हणजे परशुराम घाट जाता-येता, आणि अधूनमधून कुंभार्ली चढून कराड. मे महिन्यात गाडी मागून डावीकडे बसलेली दिसायला लागली, खड्ड्यात गेली की टण्ण. मिस्त्रीने चाक काढलं तर डाव्या स्प्रिंगेचा सगळ्यात खालचा वेढा तुटून वाटीत (स्प्रिंग ज्यात बसते ती खालची लोखंडी बैठक) पडलेला आणि वाटीत बोटभर गाळ, वाळून दगड झालेला. 2021 च्या जुलैमधल्या पुरात चाकं बुडाली होती, तेव्हाचाच असणार, नंतर बॉडी चार वेळा धुतली पण त्या वाटीत कोण बोट घालतंय.

आणि स्प्रिंग आणि वाटी यांच्यामधला रबरी पॅड जवळजवळ संपलेला, काळा चुरा फक्त. पॅड गेला की लोखंडावर लोखंड घासतं, रंग उडतो, आपल्याकडच्या दमट हवेत तिथेच गंज धरतो, त्यात चिखल ओल धरून ठेवतो, आणि नेमका तिथूनच तडा जातो. थोडक्यात मोडली स्प्रिंग पण मेला होता पॅड. यावर मी अजून बोलणार आहे, कंटाळा येईल त्यांनी पुढे सरकावं.

सल्ले देणारे खूप भेटले. एक म्हणाला जुनी तापवून ताणून देतो, शेकड्यात काम. स्प्रिंगचं स्टील पाणी दिलेलं (तापवून, थंड करून कडक केलेलं) असतं, लाल करून ताणलं की पाणी उतरलं, चार महिन्यात परत बसणार. दुसरा म्हणाला वेढ्यांत रबराचे बफर ठोका, पण मग तेवढे वेढे कामातून जातात आणि उरलेल्यांवर ताण वाढतो, आधीच गंजलेल्या जोडीत हे कोण करेल. तिसरा अ‍ॅक्सेसरीवाला, "साहेब हेवी ड्युटी टाका, तार फक्त एक एमएम जाड आहे." फक्त! कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, 13 ची 14 केली की बाकी सगळं तेच ठेवूनसुद्धा साधारण 35 टक्के कडक. माझ्या गाडीत रोज कोण, तर मी, डबा आणि छत्री. कायम सात माणसं आणि वर कॅरियर भरून फिरणाऱ्याने जरूर घ्यावी, पण सोबत शॉकअपही तसे लागतात, नाहीतर स्प्रिंग उसळते आणि जुना शॉकअप तिला आवरत नाही.

शेवटी कंपनीच्याच साध्या घेतल्या, जोडीने. काउंटरवरचा म्हणे एकच तुटलीय तर एकच घ्या. अहो, जुन्या स्प्रिंगेचा कडकपणा फारसा जात नाही, तिची उंची जाते, मग एका बाजूला नवी आणि दुसरीकडे बसलेली म्हणजे गाडी कायमची तिरकी. ते पटलं त्याला. मग मी पॅड मागितले, वरचे दोन खालचे दोन, तर माझ्याकडे असा बघितला जणू मी किडनी मागितली. "पॅड कोण बदलतं?" स्टॉकमध्ये नाही, ऑर्डर टाकत नाही, एवढ्याशा वस्तूसाठी कुरिअरचा खर्च कोण देणार. दोन स्प्रिंगांचं बिल करताना हात थरथरला नाही, रबरासाठी हिशोब! चांगला अर्धा तास वाजलं आमचं. पॅड शेवटी कराडहून आणले.

बसवल्यावर पहिले दिवस मात्र मी वैतागलो होतो. मागून गाडी उंटासारखी उभी, आणि स्पीडब्रेकरवर आई मागच्या सीटवरून म्हणे, अरे टेम्पो आहे का हा. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर दोन स्टार दिले असते. नंतर कळलं की लिंकचे, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, बोल्ट मिस्त्रीने गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच आवळले होते. मग गाडी खाली आली की लिंकच्या टोकाला असलेल्या बुशचं रबर सतत पिळलेलं राहतं, गाडी उंच धरून ठेवतं आणि बुशही लवकर फाटतो. बोल्ट ढिले करून, चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडू देऊन परत आवळले. त्याच संध्याकाळी गाडी बसली जागेवर. बाकीचं नव्या स्प्रिंगांनी आपोआप थोडं सोडलं.

आता पूर्ण पावसाळा झालाय. घाटातली झोल खाण्याची सवय गेली, पाच माणसं आणि गणपतीचं सामान भरून बंप स्टॉपला (स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का घेणारा रबरी ठोकळा) टेकली नाही. मावसभावाच्या सफारीत हेवी ड्युटी आहे, तीही चालवली. भरलेली असताना मस्त, रिकामी असताना लोट्याच्या फाट्यावर दात वाजतात. त्याला आवडते, त्याचं त्याला लखलाभ.

दर धुण्याला मी आता पाण्याचा फवारा वाटीत मारतो, सर्व्हिसिंगवाला हसतो, हसू दे. तुम्ही स्प्रिंगा घ्यायला जाल तेव्हा आधी पॅड मिळतात का ते विचारा, मग स्प्रिंगेचे पैसे द्या. ज्यांच्या गाडीत मागच्या ब्रेकला वजनावर चालणारा एलएसपीव्ही (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) आहे त्यांनी त्याची सेटिंगही बघून घ्या, कारण मागची उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. हेडलाईटपण तपासा, मागून उचलली की झोत खाली पडतो. माझा तर पार बंपरपुढेच पडत होता, मिस्त्रीने स्क्रू फिरवून भिंतीवर लेव्हल करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.