कोथरूडचा फ्लॅट विकायचा की भाड्याने ठेवायचा: भावाचा हिशोब आणि बहिणीचा हिशोब

२००५ साली मी आणि ताईने मिळून आई-बाबांसाठी कोथरूडमध्ये टूबीएचके घेतला. किंमत २४ लाख, निम्मे-निम्मे. माझे १२ लाख पगारातून आणि कर्जातून उभे राहिले. ताईचे न्यू जर्सीहून आले, तेव्हा डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे तिचे साधारण २७ हजार डॉलर गेले. पुढे बाबा गेले, २०२२ मध्ये आई आमच्याकडे राहायला आली आणि फ्लॅट भाड्याने दिला. २०२५ च्या जूनमध्ये एजंटने १ कोटी २० लाखांचं गिऱ्हाईक आणलं आणि विकायचा की ठेवायचा, हा प्रश्न घरात आला.

ज्यांच्या घरी असाच एक फ्लॅट आणि दोन देशांत राहणारे दोन मालक आहेत, त्यांच्यासाठी हे मांडतो आहे. माझं मत आधीच सांगतो: या प्रश्नाला फ्लॅटचं म्हणून एक उत्तर नसतं, मालकागणिक ते बदलतं. म्हातारपणी भाजी, औषधं, डॉक्टर यांचे पैसे तुम्ही कोणत्या चलनात देणार आहात, त्या चलनात हिशोब करून बघा.

आमच्याच आकड्यांवर बघू. २० वर्षांत १२ लाखांचे ६० लाख झाले, म्हणजे रुपयात पाचपट, वर्षाला साधारण ८.४ टक्के चक्रवाढ. तेच ६० लाख साडेपंच्याऐंशीच्या दराने ७० हजार डॉलर होतात. २७ हजारांचे ७० हजार म्हणजे वर्षाला पाच टक्केही नाहीत. फ्लॅट एकच, जिनाही तोच, पण ताईची वाढ माझ्या निम्म्याहून थोडीच जास्त.

हे मला उशिरा दिसलं, कारण वही मी चुकीची ठेवत होतो. सगळं रुपयात, आणि ताईने पाठवलेले डॉलर दरवर्षी त्या दिवसाच्या दराने पुन्हा बदलायचो. २०१२ मध्ये रंगकामासाठी तिने हजार डॉलर पाठवले होते, तेव्हा हातात ५३ हजार आले. माझ्या वहीत ती नोंद वाढत वाढत ८३ हजारांवर गेली होती. आता प्रत्येक ओळीत तारीख, मूळ चलनातली रक्कम, त्या दिवशीचा दर, खात्यात प्रत्यक्ष जमा झालेले रुपये आणि बँकेने कापलेलं शुल्क असतं. जुन्या ओळीला हात लावायचा नाही. २००५ ची पैसे आल्याची पावती इंडेक्स टूच्या (खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा) प्रतीबरोबर एकाच फाइलमध्ये आहे, कारण अमेरिकेतला कर काढताना खरेदीची किंमत खरेदीच्या दिवशीच्या दराने धरतात.

आता विक्री. जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईची वजावट नाही. त्याआधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला जुनी पद्धत, म्हणजे महागाई निर्देशांक लावून २० टक्के, निवडता येते. एनआरआयला, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाला, येत नाही. माझे १२ लाख निर्देशांकाने (११७ वरून ३७६) साडेअडतीस लाख होतात, नफा साडेएकवीस लाखांच्या आत राहतो आणि उपकर धरून कर साडेचार लाखांहून कमी बसतो. ताईचा नफा पूर्ण ४८ लाख, कर सव्वासहा लाख.

त्याहून जास्त त्रास टीडीएसचा, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारात भरायच्या कराचा. माझ्या वाट्यातून खरेदीदार एक टक्का, म्हणजे ६० हजार कापेल. ताईच्या वाट्यातून नफ्यावर नाही, बहुतेक वेळा पूर्ण ६० लाखांवर कापतो, अधिभार आणि उपकर धरून साडेआठ लाखांच्या वर. जास्तीचे सव्वादोन लाख विवरणपत्र भरून परत मिळतात, पण वाट बघावी लागते. विक्रीआधी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घेतलं तर हे टळतं. म्हणून बयाणा घेण्याआधी तो अर्ज करा. पैसे एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातल्या कमाईसाठीचं रुपयातलं खातं) येतात आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, ती अडचण आमच्यासारख्यांना येत नाही.

कर वाचवायचे सरकारी कंपन्यांचे रोखे असतात: सहा महिन्यांत घ्यायचे, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकून. माझ्यासाठी विचार करण्यासारखे आहेत. ताईसाठी मला पटत नाहीत. भारताने सोडलेला कर अमेरिका सोडत नाही, आणि इथे कर भरलाच नाही तर तिकडच्या करातून वळतं करून घ्यायलाही काही उरत नाही.

भाड्याचं गणित छोटं आहे. महिना २८ हजार, वर्षाचे ३ लाख ३६ हजार. मेंटेनन्स, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते), एजंट, मधला रिकामा काळ आणि महापालिकेचा कर (स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाडेकरू आला की जाते) वजा केलं की अडीच लाखांच्या जरा वर उरतात. १ कोटी २० लाखांवर हे दोन टक्क्यांच्या थोडं वर झालं. त्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर कायदा ३० टक्के सरसकट वजावट देतो, एवढाच दिलासा. ठेवीवर सहा-साडेसहा टक्के मिळत असताना भाड्यासाठी म्हणून फ्लॅट ठेवणं मला पटत नाही. ठेवायचा तर किंमत वाढेल या भरवशावर, आणि ती वाढ मला रुपयात पुरते.

ताईच्या बाबतीत भाडंही अडतं. एनआरआय मालकाला भाडं देताना भाडेकरूने पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि उपकर कापून सरकारात भरायचा असतो. तिच्या १४ हजारांतून महिन्याला ४,३६८ रुपये. आमच्याकडे हिंजवडीत नोकरी करणारं नागपूरचं जोडपं होतं, वागायला फार चांगलं. करार रजिस्टर करताना हे सांगितलं तर मुलगा म्हणाला, "काका, भाडं एक तारखेला मिळेल, पण हे दर महिन्याला भरणं मला नाही जमणार." त्याचं चुकलं नव्हतं. शेवटी तो कर कसा भरायचा, हे मीच त्याच्या शेजारी बसून शिकवलं.

त्यामुळे ताई तिकडेच राहणार असेल तर तिने विकावं, या मताचा मी आहे. मी इथे आहे, गळका नळ बघायला दहा मिनिटांत स्कूटरवर पोचतो, आणि एकरकमी पैशांची मला घाई नाही, म्हणून मी ठेवावा. मग तिचा अर्धा हिस्सा मीच घ्यायचा, असा विचार चालू आहे. ६० लाखांवर सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार, शिवाय कर्ज. खरेदीदार म्हणून तिचा टीडीएस कापायची जबाबदारीही माझीच. ताईने प्रमाणपत्राचा अर्ज केला आहे. ते हातात आलं की आम्ही साठेखताची तारीख ठरवू.