वॉलायचा ल्यूर आणि चोणकाचं तोंड

आधी त्या ल्यूरच्या, म्हणजे गळाच्या नकली माशाच्या, हुकाबद्दल. तीन काट्यांपैकी दोन धड आहेत, तिसरा इतका सरळ झालाय की पानाचा विडा टोचायला चालेल. हे काम गोव्यात शिवोलीच्या पुलाखाली एका चोणकाने (रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच मासा) चारेक सेकंदांत केलं. मासा मी पाहिला नाही, नुसता ऐकला. काळोखात पाण्याबाहेर उडाला, डोकं झाडलं, पोत्यासारखा धबकन पडला आणि दोरी सैल. होडीवाले काका बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "व्हडलो आशिल्लो." मोठा होता.

तरीही या ल्यूरला मी पाचपैकी चार गुण देणार आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण गोड्या पाण्यासाठी केलेला माल खाऱ्या पाण्यात वापरून बोंब मारायची हा काही न्याय नव्हे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत क्लीव्हलंडला असतो, एरी सरोवराच्या काठी. चवथीला घरी आला तेव्हा गणपतीवरची माटोळी बांधता बांधता त्याने खिशातून तीन ल्यूर काढून माझ्यासमोर ठेवले. बारा सेंटिमीटर लांब, बोटाएवढे बारीक, पोटात खुळखुळणाऱ्या गोळ्या, पुढे पारदर्शक प्लास्टिकची जीभ. एक काळा-चंदेरी, एक जांभळा, एक पिवळ्या अंगाचा नि लाल डोक्याचा, अगदी दशावतारातल्या सोंगासारखा. आई म्हणाली, "चवथीच्या दिवशी माशाचं नाव काढू नका." मग आम्ही मागच्या पडवीत जाऊन बोललो.

एरीला सरोवर म्हणायचं म्हणून म्हणायचं. क्षेत्रफळ २५,७०० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपला ३,७०२ चौरस किलोमीटरचा अख्खा गोवा त्यात जवळजवळ सात वेळा मावेल. तिकडे थंडीची चाहूल लागली की छोट्या माशांचे थवे काठाकडे सरकतात. अंधार पडला की त्यांच्या मागावर वॉलाय हा शिकारी मासा येतो, बंदराच्या धक्क्यांना आणि दगडी बांधांना लगटून. त्याच्या डोळ्याच्या आत आरशासारखा थर असतो. त्यामुळे अंधुक उजेडात त्याला जे दिसतं ते त्याच्या भक्ष्याला दिसत नाही, आणि बॅटरी मारली की डोळे मांजरासारखे चमकतात. लोक रात्री होडी अगदी रांगती ठेवून हे लांबट ल्यूर मागे ओढत नेतात. हे सगळं ऐकून मी म्हटलं, अरे, हा तर आमच्या चोणकाचा आतेभाऊ! चोणकाचे डोळेही उजेडात लालसर पेटतात, तोही रात्री खांबांपाशी दबा धरतो. नात्यागोत्यात तसा काही संबंध नाही, पण धंदा एक.

मांडवीत हा प्रयोग करू नका. पणजीसमोर कॅसिनोच्या बोटींची ये-जा रात्रभर चालते, वर बार्जही. आम्ही शापोरा नदी धरली, शिवोली आणि चोपडेच्या मधला पूल. पुलावरच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर पडतो आणि खांबाच्या बाजूला सावलीची कडा तयार होते, सुरीने कापल्यासारखी. चोणक सावलीत उभा राहतो, तोंड उजेडाकडे. ल्यूर उजेडातून काळोखात शिरताना त्या कडेवरून जायला हवा. दोन हात इकडे-तिकडे झालं तर रात्रभर हवा खायची.

पहिल्या फेरीलाच घोळ झाला तो वेगाचा. भावाने सांगितलं होतं, ताशी अडीच किलोमीटर, फोनवर बघून. मी फोन घेऊन बसलो आणि आकडा राखत राहिलो. काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सवकास रे, सवकास." मी त्यांना फोन दाखवत होतो. अर्ध्या तासाने डोक्यात उजेड पडला. फोन सांगतो तो जमिनीवरचा वेग. एरीला जाणवेल अशी भरती-ओहोटी नाही, तिथे तो हिशोब चालतो. इथे ओहोटी लागलेली. पाण्याच्या विरुद्ध जाताना फोनवर अडीच दिसायचे तेव्हा ल्यूर प्रत्यक्षात पाचाने धावत होता, आणि परतताना पाण्याबरोबर नुसता मेल्यासारखा वाहत होता. मग फोन खिशात टाकला आणि रॉडच्या टोकाकडे बघत बसलो. टोक टुकटुक असं एका लयीत थरथरलं की वेग बरोबर. आउटबोर्ड, म्हणजे होडीचं मागचं इंजिन, मंदात मंद ठेवूनही जास्त ओढत होतं, त्यावर भावाचाच उपाय कामी आला: मागे दोरीला बालदी बांधून पाण्यात सोडायची. काका हसले, पण होडी वठणीवर आली. दिवस निवडाल तर भांगेचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे निवडा, अष्टमी-नवमीच्या आगेमागे. उधाणाच्या पाण्यात खांबांपाशी होडी सांभाळायची की रॉड, हाच प्रश्न पडतो.

आता ल्यूरबद्दल खरी गोष्ट. हा 'सस्पेंडिंग' जातीचा आहे. म्हणजे ओढायचं थांबवलं तर ना वर येत, ना बुडत, पाण्यात आहे तिथेच लटकून राहतो. त्या थांबण्यावरच मासा झडप घालतो. सप्टेंबरात नदी अजून पावसाच्या पाण्याने अळणी होती तेव्हा तो अगदी तसाच वागला. पहिल्याच आठवड्यात तीन किलोचा चोणक दिला, काळ्या-चंदेरीवर. घरी रेशाद मसाला लावून तळला, शेपटीकडचा तुकडा शेजारी गेला. पण डिसेंबरात तोच ल्यूर थांबवला की हळूहळू वर येऊ लागला. मला वाटलं आत हवा शिरली की काय, कानाशी धरून हलवूनही पाहिला. मग लक्षात आलं: पावसाळा सरला तसं समुद्राचं पाणी नदीत वर चढलं. खारं पाणी जड, त्यात गोड्या पाण्याला जोखून बनवलेली वस्तू तरंगणारच.

हुक तर मुळात वॉलायच्या तोंडासाठीचे, बारीक तारेचे. वॉलाय खाली खेचतो, डोकं हलवतो. तो चोणकासारखा उड्या मारत नाही. वर कितीही गोड्या पाण्याने धुतले तरी चार फेऱ्यांत गंज. तो मोठा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी म्हापशाला जाऊन समुद्राचे जाड ट्रेबल, म्हणजे तीन काट्यांचे हुक, आणले आणि जुने काढून टाकले. भीती होती की वजनाने ल्यूरची कंबर हलायची थांबेल. झालं उलटंच. त्या जादा वजनाने तो खाऱ्या पाण्यात पुन्हा जिथल्या तिथे लटकू लागला. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हे, आणि दगड मी नेम न धरता मारलेला. मात्र पाऊस पडून नदी गोडी झाली की हेच हुक त्याला खाली ओढतील, तेव्हा जुन्या मापाचे परत लावावे लागणार.

लीडर, म्हणजे ल्यूरला लागून असलेला दोरीचा तुकडा, जाड ठेवा. चोणकाच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं असतं, आणि खांबांवर कालवं. रंगाचं फार मनावर घेऊ नका. रात्री खालून बघणाऱ्या माशाला रंगापेक्षा आकृती दिसते, आणि काळा-चंदेरीच जास्त चालला. पिवळ्या-लालला आजवर एक तांबसो मासा सोडून कुणी विचारलं नाही. होडीवर दिवा आणि अंगावर लाइफ जॅकेट हवंच. खुंटांना बांधलेली जाळी काळोखात दिसत नाहीत, म्हणून वाट माहीत असलेला माणूस बरोबर हवा. मोठा मिळाला तर माझ्या मते सोडावा. चोणक जन्मतः नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो, तेव्हा मोठी असते ती अंडी घालणारी. तीन किलोचा खाल्ल्यावर हे बोलणं सोपं, हे बायकोनेही ऐकवलं.

एक गुण कापला तो हुकांचा. भावाने विचारलं, आणखी पाठवू का? पाठव म्हटलं, पण हुकांशिवाय. जांभळा शिल्लक नाही. ओहोटीला शिवोलीच्या बाजूने बघाल तर तिसऱ्या खांबावर कालवांच्या वर वीतभर काहीतरी लोंबताना दिसेल. काढता आला तर काढा, माझा आहे.