जिप्सीचा स्टिअरिंग बॉक्स: जुनाच भरावा, विजेची मदत जोडावी की बोलेरोचा बसवावा?

भाच्याने महूकडून एक जुनी फौजी जिप्सी आणली. मागचा भाग कापून छोटा हौदा केला, लांब शॅकल (स्प्रिंगच्या पाट्या चासीला जोडणाऱ्या कड्या) टाकून गाडी उचलली आणि २०५/७० आर १५ च्या जागी ३१ इंची टायर चढवले. फोटो झकास आले. मग एका रविवारी चोरलच्या नदीपात्रातून फोन: "मामा, स्टिअरिंग वळतंय, पण चाक वळत नाहीये."

मला वाटलं बॉक्स गेला, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी. खाली झोपून पाहिलं तर बॉक्स ठणठणीत होता. तो ज्या चासीला बोल्टने धरला होता, ती चासीच बोल्टाभोवती फाटली होती. स्टिअरिंग फिरवलं की चाकाऐवजी बॉक्स हलायचा. तेव्हा कुठला बॉक्स घ्यावा या प्रश्नात पडला असाल, तर आधी गाडीखाली जा. एकाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि बॉक्स व चासी यांच्या सांध्यावर बोट ठेवा. तिथे केसभर जरी हालचाल जाणवली, तरी नवा बॉक्स आणून काही साधणार नाही.

जिप्सीचे मूळ टायर साधारण २६ इंच उंचीचे, म्हणजे ३१ इंची टायर पाच इंचांनी उंच आणि रुंदीलाही पुष्कळ जास्त. गाडी हजार किलोच्या आसपासची, म्हणून मारुतीने तिला हाताने वळणारा साधा बॉक्स दिला आणि तो पुरलाही. पण चिकट काळ्या मातीत रुतलेलं रुंद चाक जागच्या जागी वळवायचं म्हणजे बॉक्सकडून भलतंच काम मागणं झालं.

आता पर्याय. इंदूरमध्ये चार मिस्त्र्यांना विचारलंत तर चौघेही "हो जाएगा भिया" म्हणतील, पण प्रत्येकाच्या मनात वेगळी गोष्ट असेल.

पहिला, जुनाच बॉक्स भरून घेणं. आत वर्म म्हणजे आटे पाडलेला दांडा, त्यावर छऱ्यांवरून सरकणारा नट, आणि नटाच्या दात्यांत अडकलेला सेक्टर शाफ्ट. शाफ्टच्या टोकाला ड्रॉप आर्म, म्हणजे चाकांकडचे दांडे हलवणारा हात. अमेरिकन व्हिडिओंत यालाच पिटमन आर्म म्हणतात. छरे, बेअरिंग, बुश, सील बदलले की बॉक्स पुन्हा घट्ट होतो. खर्च सगळ्यांत कमी, बिघाड कमी, पट्टा नाही, तेलाचा पाइप नाही. तोटा उघड आहे: दंड दुखतात. शिवाय दगडावर चाक आपटलं की झटका थेट स्टिअरिंगपर्यंत येतो, म्हणून अंगठा रिंगच्या आत कधीच अडकवू नये.

यात एक खोड सगळीकडे दिसते. प्ले, म्हणजे स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा, आला की बॉक्सवरचा स्क्रू आवळायचा. झीज सगळ्यांत जास्त होते ती मधोमध, कारण गाडी बहुतेक वेळ सरळ जाते. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला की वळणावर बॉक्स जखडतो आणि स्टिअरिंग आपणहून परत येत नाही. स्क्रू फिरवायचाच तर चाकं अगदी सरळ ठेवून, थोडाच. त्याने भागलं नाही, तर बॉक्स उघडायची वेळ आली आहे.

दुसरा पर्याय हल्ली फार चालतो: भंगारातून छोट्या कारचं विजेवर चालणारं स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगखालचा दांडा, मोटरसकट) आणायचं आणि जिप्सीत जोडायचं. एका बोटाने गाडी वळते. राजवाड्याच्या गर्दीत पार्किंग करताना याच्यासारखं सुख नाही. मोटर डॅशखाली कोरड्यात राहते, आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तरी जोडणी नीट असेल तर बॅटरीवर मदत सुरू राहते.

पण जोर कुठून कुठे जातो ते पाहा. मोटर कॉलमवर बसते, म्हणजे तिचा सगळा पीळ मधल्या शाफ्टमधून, त्याच्या क्रॉसमधून (वळत्या सांध्यातून) आणि शेवटी त्याच जुन्या वर्ममधून जातो. तो वर्म माणसाच्या हातांचा जोर गृहीत धरून बनवलेला. हातांना दगडाचा अडथळा कळतो, आपण थांबतो. मोटरच्या मदतीने ढकलताना तो कळतच नाही आणि आत छऱ्यांच्या खोबणी मार खातात. दुसरं असं की मूळ कारमध्ये ही मोटर गाडीचा वेग बघून मदत कमी-जास्त करते. जिप्सीत तो संदेशच नाही, मग ती ठरावीक मदत देत राहते आणि बायपासवर ८० च्या वेगाला स्टिअरिंग पिसासारखं हलकं लागतं. मला ते अजिबात आवडत नाही. जुन्या आल्टरनेटरवर विजेचा भार पडतो तो वेगळाच. गाडी आठवडाभर शहरात आणि महिन्यातून एकदा जानापावच्या कच्च्या रस्त्यावर जात असेल, तर हा पर्याय जरूर घ्या. त्यापुढे नको.

तिसरा, बोलेरोसारख्या मोठ्या गाडीचा तेलावर चालणारा पॉवर बॉक्स. इथे नटच पिस्टन असतो. पंपाच्या तेलाचा दाब नटाला ढकलतो आणि नटाचे दाते सेक्टर शाफ्ट फिरवतात. वर्मवर फक्त हाताचा जोर येतो, जड काम तेल करतं. दगडाचा झटकाही तेलातच मुरतो. त्यामुळे ३३ इंची टायर, पुढच्या अ‍ॅक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) आणि खडकांत रांगणं असं डोक्यात असेल, तर माझ्या मते दुसरा विचार करू नये.

मात्र काम किचकट आहे. इंजिनावर पंप बसवायला ब्रॅकेट आणि पुली हवी. मारुतीच्याच एस्टीम कारचं १.३ लिटर इंजिन जिप्सीच्याच घराण्यातलं, म्हणून तिथल्या पंपाची शोधाशोध होते. पुल्या एका रेषेत आल्या का हे पट्टी लावून बघा, नाहीतर पट्टा उडत राहील. ड्रॉप आर्मच्या भोकाचा उतार आणि जिप्सीच्या ड्रॅग लिंकच्या (आर्मपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटचा उतार जुळला पाहिजे. ड्रिलने भोक मोठं करून नट आवळणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यांच्या गाडीत मी बसत नाही. आणि चासीला काही वेल्ड करण्याआधी बॉक्स हातात धरून फिरवून पाहा: स्टिअरिंग उजवीकडे नेल्यावर आर्म कुठे जातो? बॉक्स उलटा-सुलटा बसला तर चाकं उलट्या दिशेला वळतात. हसू नका, असं झालेलं आहे. अमेरिकन व्हिडिओंतले बॉक्स तर डाव्या बाजूच्या चालकासाठी असतात, तिथली मापं आणि कोन इथे जसेच्या तसे उतरत नाहीत.

तेलाच्या बॉक्सला पूर्ण वळणावर दाबून धरणं सोसत नाही. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल तापून काळं पडतं. चाकाजवळचे स्टॉपर आधी टेकतील आणि बॉक्स आतून शेवटाला लागणार नाही असं जुळवून घ्या. रांगत चालवणार असाल तर तेलाला छोटा कूलर लावा. नुसत्या पाइपांवर चालणारं, मधला दांडाच नसलेलं स्टिअरिंग रस्त्यावरच्या गाडीत विसरा.

आता मजबुती, कारण खरी फाटाफूट इथेच होते. चासी पोकळ पेटीसारखी असते. बोल्ट आवळला की भिंती आत दबतात, आज घट्ट वाटलेला बोल्ट महिन्याने सैल. म्हणून आरपार भोक पाडून त्यात जाड नळी वेल्ड करायची आणि बोल्ट तिच्यातून न्यायचा. बाहेरून पाच-सहा मिलिमीटरची प्लेट लावायची, पण तिची टोकं तिरकी कापलेली हवीत. चासीवर सरळ उभी वेल्ड मारली तर पुढची भेग नेमकी त्याच रेषेत जाते. सेक्टर शाफ्टच्या खालच्या टोकाला बेअरिंगचा आधार देणारा कंस लावला की शाफ्ट एका बाजूने वाकत नाही. मोठ्या टायरसाठी माझी पहिली पसंती याच कंसाला. बोल्ट १०.९ ग्रेडचे, आणि पहिल्या सफरीनंतर पुन्हा आवळायचे.

टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारा दांडा, जाड करा, पण साखळीत सगळ्यांत भक्कम तोच नको. वाकलेला टाय रॉड पातालपाणीच्या रानात जॅक आणि झाडाच्या आधाराने कामचलाऊ सरळ होतो, तुटलेला सेक्टर शाफ्ट होत नाही. ड्रॉप आर्म तापवून वाकवणं किंवा तोडून वेल्ड करणं कोणीही सुचवलं, तर चहा पिऊन निघा.

गाडी उचलल्यावर सरळ रस्त्यावर भटकत असेल किंवा पुढची चाकं थरथरत असतील, तर बॉक्सला दोष देऊ नका. लांब शॅकलमुळे किंगपिनचा (ज्या खिळीवर चाक वळतं तिचा) मागचा झुकाव कमी होतो. पाट्यांखाली पाचर देऊन तो परत आणावा लागतो. ड्रॅग लिंक तिरकी झाली असेल तर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप हलतं, त्यावर झेड आकाराची लिंक हा उपाय. स्टिअरिंगचा डॅम्पर (झटके शोषणारा) बदलला तर थरथर फक्त झाकली जाते.

कागदांचंही पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मोठा बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे विचारून घ्या.

भाच्याला मी जुना बॉक्स भरून घ्यायला लावला. सांवेर रोडवर नळ्या कापून चासी शिवली, कंस बसवला. लॉकरचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. फक्त प्लेट कापताना तो लेथवाल्याला हळूच म्हणाला, बोलेरोचा बॉक्स मावेल एवढी मोठी ठेव.